गार्बोच्या सावलीतली मेजरीणबाई

‘येस्ता बेर्लिंगची गाथा’ या स्वीडिश मूकपटाचे नाव काढावे, की समोरचा रसिक चटकन म्हणतो, “म्हणजे ग्रेटा गार्बोचा!” या सवयीचा मला मनस्वी राग आहे. मॉरिट्झ स्टिलरने १९२४ साली हा चित्रपट पडद्यावर आणला तेव्हा गार्बो अवघी १८ वर्षांची होती. ती सुंदर दिसते, याबद्दल वाद नाही. पण गाथा तिची नव्हे, आणि खरे म्हणजे येस्ताचीही नव्हे. ती एकेबीच्या मेजरीणबाईची आहे.

मूळ कादंबरी सेल्मा लागरलॉफ यांची, १८९१ सालची. दारूपायी धर्मोपदेशकाची वस्त्रे गमावलेला देखणा येस्ता मरायला निघतो. मेजरीणबाई त्याला घरी आणते. तिच्या आश्रयाला असे बारा शिलेदार आहेत. गाणी, पत्ते आणि मद्य हाच त्यांचा उद्योग. बाई मात्र लोखंडाचे सात कारखाने चालवते आणि या सर्वांना पोसते. नाताळच्या मेजवानीत त्यांच्यातलाच एक जण तिचे जुने प्रेम चव्हाट्यावर मांडतो. नवरा तिला हिवाळ्यात घराबाहेर काढतो. तिचे अन्न खाणारा एकही वीर तिच्या बाजूने उभा राहत नाही!

आता सांगा, वाचकहो, यापुढे नायकाच्या प्रेमप्रकरणांची काय मातबरी?

कोणी म्हणेल, चित्रपटात बर्फावरची घोडागाडी आहे, पाठीमागे लांडगे आहेत, धडधडून पेटलेला वाडा आहे. तो थरार विसरायचा काय? मुळीच नाही. स्टिलर मोठाच कलावंत. पण त्याच चित्रपटात रंगभूमीवरची थोर नटी गेर्डा लुंडेक्विस्ट मेजरीणबाई झाली आहे. शब्दावाचून तिने उभा केलेला अपमान पाहा आणि मग नायिका कोण ते ठरवा. हा पट मध्यंतरी कापला गेला, त्याचे काही भाग हरवले. २०१८ साली स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो पुष्कळसा सांधून दिला. एवढ्या कष्टाने जुळवलेल्या कलाकृतीत आपण एकच चेहरा शोधत बसावे, हा करंटेपणा आहे.

घर सुटणे म्हणजे काय, हे लागरलॉफबाईंना ठाऊक होते. वडिलांमागे त्यांचे मोरबाकाचे घर विकले गेले. लेखणीच्या कमाईवर १९०७ साली त्यांनी ते परत घेतले. १९०९ साली साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि त्या पैशातून भोवतालची जमीनही सोडवली. मेजरीणबाईच्या नशिबी तेवढेही नव्हते. ती एकेबीला परतते ती मरायला. मरताना तिला काय ऐकायचे असते? कोणाची क्षमायाचना नव्हे; आपल्या कारखान्यातल्या घणाचा आवाज.

चित्रपट अवश्य पाहा. मात्र कादंबरी वाचल्यावाचून तो घण तुम्हाला ऐकू येणार नाही.