छपरावरचं ऊन

सांगलीहून दादाचा फोन आला. "तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, केंद्राची ७८ हजार सबसिडीही जमा झाली. तुझं काय?"

माझं घोडं ट्रॉयमध्ये कायद्यात अडलं होतं. मिशिगनच्या २००८ च्या कायद्यानं नेट मीटरिंग दिलं होतं. एक युनिट द्या, एक परत घ्या. २०१६ च्या कायद्यानं ते मोडलं. २०१९ पासून डीटीईच्या नव्या ग्राहकाला घेतलेल्या विजेचा पूर्ण दर, दिलेल्या विजेचे मात्र त्याहून कमी पैसे. म्हणजे दुपारी आपण ऑफिसात असताना वीज स्वस्तात जाणार आणि संध्याकाळच्या कुकरला महाग मिळणार! २०२३ च्या कायद्यात २०४० पर्यंत शंभर टक्के स्वच्छ वीज आहे (अणुवीजही त्यात धरलीय). छपरावरच्या सोलरची मर्यादाही एक टक्क्यावरून दहावर गेली. खरी घाई वेगळीच होती. तीस टक्के फेडरल करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होती, आणि तोवर काम पुरं व्हायला हवं होतं.

"अहो, तेव्हा छपरावर बर्फ असेल," इति सौ.

इन्स्टॉलर म्हणाला, "डिसेंबरात होईल बहुधा."

करार टेबलावर होता. त्या 'बहुधा'वर सही करायची होती.