दारिद्र्यरेषा कोणी आखावी?

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस आले की, ‘तत्त्वज्ञान घेऊन पोट भरेल काय?’ हा प्रश्न हमखास कानी पडतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे, अशीच पालकांची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र निराळे आहे.

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासात माणशी रोज २२५० उष्मांक हे प्रमाण धरले होते. त्यावरून १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये खर्च ही किमान पातळी ठरली. हे शिकवीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, “माणसाला एवढेच पुरे, हे ठरवले कोणी?” उष्मांक आहारशास्त्र मोजील, त्यांची किंमत अर्थशास्त्र काढील, परंतु लेकरांची पुस्तके, आजारातील औषध, अंगावरचे धड वस्त्र ‘किमान’ गरजांत येते की नाही, याचा निर्णय कोणतेही कोष्टक देत नाही. तो मूल्यांचा, म्हणजेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

ॲडम स्मिथला हे ठाऊक होते. तो ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. ज्या सदऱ्यावाचून रोजमजुरालाही चारचौघांत जाण्याची लाज वाटेल, तो सदरा गरजेचाच होय, असे त्याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

आपल्याकडेही १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना काम मिळाले. ते काम सरकारची कृपा होती की मजुरांचा हक्क? महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ‘हक्क’ असे उत्तर दिले. त्या हजेरीपटामागे न्यायाची एक निश्चित कल्पना उभी होती.

तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा शब्दच्छल, असा आक्षेप घेतला जातो. मार्गदर्शिकांतील टिपणे पाठ करण्यापुरते ते उरले असेल, तर आक्षेप खोटा नाही. परंतु दोष शिकवण्याच्या रीतीचा आहे, विषयाचा नव्हे. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, ते प्रताप शेठ या गिरणीमालकाच्या औदार्यातून. व्यवहार जाणणाऱ्या त्या माणसाला हा विषय निरुपयोगी वाटला नाही.

म्हणून वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही तत्त्वज्ञानाची एक अभ्यासपत्रिका असावी. उद्या यांतलेच कोणी कचेरीत बसून लाभार्थींच्या याद्या करतील. एखादे नाव खोडताना आपण कोणत्या न्यायाने खोडीत आहोत, एवढा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला, तरी त्या अभ्यासाचे सार्थक झाले.