पंचमीपुरत्या लाह्या

या सदराला ज्वारीचे वेड आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात त्याला निमित्त दिले जालन्याच्या बाजारातल्या एका पाकिटाने. पाण्यात टाकताच दाट होणारे ज्वारीचे पीठ, आणि त्यावर ‘नवे तंत्र’ असा शिक्का. तोही ऐन नागपंचमीच्या तोंडावर, घरोघर ज्वारीच्या लाह्या फुटत असताना!

कच्चे पीठ गार पाण्यात तळाशी बसते. पाण्यासह सुमारे 70 अंशांपर्यंत तापले की त्यातल्या स्टार्चचे कण फुगतात, फुटतात, खळ होते. अशी खळ तापलेल्या रुळांवर वाळवून दळली, तर ती पुढे गार पाण्यातही लगेच दाटते. कारखाने हेच करतात.

लाही हेच काम दाण्याच्या आत करते. ज्वारी गरम पाण्यातून काढून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी तापल्या कढईत फोडायची. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, स्टार्च शिजतो आणि दाणा उमलतो. गणंग पाखडून लाह्या दळल्या की झाले. हे पीठ ताकात, मीठ-जिरे घालून कालवावे. चूल पेटवायची गरज नाही. उन्हातान्हात रानात जाणाऱ्यांना याहून सोयीची न्याहारी नाही.

मात्र कुठल्याही ज्वारीची चांगली लाही होत नाही. दाणा टणक, काचेसारखा लागतो. आणि खरे दुखणे इथेच आहे. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, तीही 1964चीच. त्या टंचाईच्या काळात एकरी उतारा पाहणे योग्यच होते. पण लाहीची, हुरड्याची, पापडाची ज्वारी वेगवेगळी असते, ही जाण मागे पडली. पुढे खरिपाची ज्वारीच सोयाबीन आणि कपाशीने हटवली.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ही जाण पुन्हा जागी केली: लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’, पापडासाठी ‘फुले रोहिणी’, हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’. या जाती जालन्याच्या शिवारात दिसायला हव्यात. खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे लाहीच्या ज्वारीचा प्लॉट आणि शेजारी भट्टी असावी. बचत गटांनी लाह्यांचे पीठ बारमाही विकावे.

फक्त लहानग्यांसाठी त्याची खीर करताना एक काळजी घ्यावी. हे पीठ थोडेच घातले तरी वाटी घट्ट होते आणि बाळाच्या पोटात दाणा कमी, पाणी जास्त जाते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ कोमट खिरीत ढवळले की ती सैल होते. मग त्याच वाटीत लाहीपीठ वाढवता येते. नंतर खिरीला एक उकळी द्यावी. मोड मात्र नाचणीचेच घ्यावेत. ज्वारीच्या कोंबांत विषारी द्रव्य असते.