सीव्ही नको, हँडओव्हर दाखवा

राजकारणात शिकलेली माणसं यायला हवीत, हे आपल्या ऑफिसांतल्या जेवणाच्या टेबलांवरचं लाडकं वाक्य. ‘शिकलेली’ म्हणजे कोण, तर एमबीए झालेली. आकडे कळणारी, बॅलन्स शीट वाचता येणारी. म्हणजे थोडक्यात काय, तर आपल्यासारखी! असा एखादा निवडून आला की सरकार कसं कंपनीसारखं चालेल वगैरे वगैरे.

माझं म्हणणं असं, की हे वाक्य आळशीपणाचं आहे. आणि ते दाखवायला मी एखादा फसलेला एमबीए शोधून आणत नाहीये. चांगल्यातलं चांगलं उदाहरण घेतो.

फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या आग्नेयेला, आल्बाय नावाचा प्रांत आहे. तिथे मायोन हा २,४६२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. दिसायला चित्रातल्या शंकूसारखा देखणा, पण जिवंत. त्यात पॅसिफिकमधून दरवर्षी येणारी वादळं. वादळाचा पाऊस डोंगरावरच्या राखेवर पडला, की राख, वाळू आणि धोंडे यांचा लोंढा ओढ्यांतून खाली येतो, ओल्या काँक्रीटसारखा. त्याला लाहार म्हणतात. ३० नोव्हेंबर २००६ ला ‘रेमिंग’ वादळात अशाच लाहारांनी मायोनच्या पायथ्याची गावं गाडली. शेकडो माणसं गेली.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, या प्रांताचे गव्हर्नर झाले जोई साल्सेडा. बायोडेटा अगदी आपल्या स्वप्नातला. मनिलाच्या नावाजलेल्या विद्यापीठातून पदवी, मग एमबीए, मग परदेशी ब्रोकरेज कंपन्यांसाठी शेअर बाजाराचं विश्लेषण. १९९८ पासून खासदार, राष्ट्राध्यक्षा आरोयो यांचे आर्थिक सल्लागार. गव्हर्नर झाल्यावर त्यांनी एकच ध्येय ठरवलं: आपत्तीत मृत्यू शून्य.

आणि ते नुसतं पोस्टरवर राहिलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये मायोन उसळायला लागला, तेव्हा जवळजवळ ५० हजार माणसं हलवली. लोकांचा ख्रिसमस शाळांमधल्या छावण्यांत गेला. आणि मोठा स्फोट झालाच नाही! आता सांगा, तो खर्च वाया गेला का? आपल्यापैकी ज्यांनी कधी सर्व्हर सांभाळलाय, त्यांना उत्तर माहीत आहे. बॅकअप घेतला आणि लागला नाही, म्हणून कुणी बॅकअप बंद करत नाही. (खरं तर मॅनेजर करतो. पण तो विषय वेगळा.) जुलै २०१४ मध्ये ‘ग्लेंडा’ वादळ थेट आल्बायच्या किनाऱ्यावर आदळलं. लाखो माणसं आधीच हलवलेली होती. प्रांतात मृत्यू शून्य.

झालं! आपला मुद्दा सिद्ध, असं तुम्ही म्हणाल. शेअर बाजारातला माणूस आला, जोखीम मोजली, जीव वाचवले.

जरा थांबा. माणसं हलवली कुणी? ‘आप्सेमो’ नावाच्या प्रांताच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाने. ते साल्सेडांनी काढलेलं नाही. १९९३ मध्ये मायोनच्या स्फोटात सत्तरच्या वर माणसं मेली, बहुतेक डोंगराच्या अंगावर शेतात राबणारी. त्यानंतर १९९०च्या दशकातच हे कायमचं कार्यालय उभं राहिलं. कायमचं म्हणजे पगारी नोकरांचं, वर्षभर चालणारं, वादळ आल्यावर जमणारी समिती नव्हे. सेड्रिक दाएप हे भूगर्भशास्त्राचे जाणकार कित्येक वर्षं त्याचे प्रमुख होते. कुठला ओढा कधी वाहतो, कुठली वाडी आधी हलवायची, हे ज्ञान त्या कार्यालयात साठत गेलं.

साल्सेडांचं खरं श्रेय वेगळंच आहे, आणि ते आपल्या डोळ्यांत भरत नाही. आधीच्यांनी काढलेलं कार्यालय त्यांनी मोडलं नाही. त्याला पैसा दिला, अधिकार दिले आणि त्याचं ऐकलं. नवा आला की जुन्याची योजना गुंडाळायची, हा राजकारणाचा सार्वत्रिक नियम त्यांनी पाळला नाही. यासाठी एमबीए लागतं? मला नाही वाटत. २०१० मध्ये फिलिपिन्सने देशभरासाठी कायदा केला: प्रत्येक स्थानिक सरकारने उत्पन्नाचे किमान ५ टक्के आपत्तीसाठी ठेवायचे, आणि त्यातले फक्त ३० टक्के तातडीच्या मदतीसाठी. बाकीचे आधीच्या तयारीवरही खर्च करता येतात. शिवाय प्रत्येक ठिकाणी आपत्ती कार्यालय हवंच. म्हणजे पुढच्या गव्हर्नरला बॅलन्स शीट वाचता येवो न येवो, ती ओळ बजेटमध्ये राहणार. माझ्या मते हुशार माणसापेक्षा ही ओळ मोठी.

आता दुसरी बाजू. तिथल्या राज्यघटनेप्रमाणे एका पदावर सलग तीनच टर्म, म्हणजे ९ वर्षं. साल्सेडा १९९८ ते २००७ आल्बायच्या तिसऱ्या मतदारसंघाचे खासदार, २००७ ते २०१६ गव्हर्नर, २०१६ ते २०२५ दुसऱ्या मतदारसंघाचे खासदार. ९ + ९ + ९ = २७. नियम कुठेही मोडला नाही. प्रत्येक वेळी लोकांनीच निवडून दिलं. संसदेत करविषयक समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२१ च्या कायद्याने कंपन्यांचा कर ३० वरून २५ टक्के झाला त्यात त्यांचा मोठा हात. पण बघा, घटनेने पदावरच्या माणसाला ९ वर्षांची नोटीस दिलेली असते, आणि आपला सगळा कौतुकसोहळा मात्र माणसाभोवती.

नोटीस संपल्यावर काय होतं? १ नोव्हेंबर २०२० ला ‘रोली’ वादळ आलं. गव्हर्नर दुसरे होते. गिनोबातानमध्ये पुन्हा लाहार आला, घरं गाडली गेली, माणसं दगावली. लोकांनी बोट दाखवलं वाळू-दगडाच्या खाणींकडे, आणि केंद्र सरकारला तिथलं उत्खनन थांबवावं लागलं. हा दोष मी साल्सेडांच्या माथी मारत नाही, नव्या गव्हर्नरच्याही नाही. मुद्दा एवढाच, की माणसं हलवणं हा अर्धा प्रश्न. ओढ्याच्या तोंडाशी खाण कुणाची, परवाना कुणाचा, पायथ्याशी घर बांधायची वेळ गरिबावर का येते, हा उरलेला अर्धा. तो एक्सेलमध्ये सुटत नाही. तिथे कुणाचं तरी उत्पन्न बुडवावं लागतं. त्याला म्हणतात राजकारण, आणि ते टाळता यावं म्हणून तर आपल्याला सीईओ हवा असतो!

म्हणून सांगतो मंडळी, उमेदवाराची डिग्री विचारू नका. तीन गोष्टी विचारा. आधीच्याचं कुठलं चांगलं काम तुम्ही चालू ठेवणार? तुम्ही गेल्यावर बजेटमधली कुठली ओळ राहणार? आणि कुणाला नाराज करायची तुमची तयारी आहे?

याची उत्तरं देणारा दहावी नापास असला, तरी मला चालेल.