चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

"चालतंय ना? मग हात लावू नकोस." आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं हे ब्रह्मवाक्य. शुक्रवारी संध्याकाळी तर मीच ते इतरांना ऐकवतो :) पण परवा अमेरिकेतल्या एका मित्राने ते त्याच्या जुन्या पोर्शे बॉक्स्टरला लावलं आणि माझं डोकंच फिरलं.

गाडी २००२ ची, फारशी न पळालेली. क्लच बदलायला गॅरेजात गेली आहे. मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स उतरतोच आहे तर आयएमएस बेअरिंगही बदलून घ्या. आमचे साहेब म्हणतात, "इंजिन एकदम मख्खन आहे, उगाच खर्च कशाला?"

आता हे प्रकरण काय आहे बघा. १९९६ साली आलेल्या बॉक्स्टरमध्ये पोर्शेने पाण्याने थंड होणारं नवं इंजिन टाकलं. पुढे ९९६ पिढीच्या साध्या ९११ मध्येही त्याच जातीचं इंजिन आलं. यात क्रँकशाफ्ट एका मधल्या शाफ्टला फिरवतो आणि तो चेनने कॅमशाफ्टना फिरवतो. त्या मधल्या शाफ्टच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. वयानुसार सील कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, इंजिन ऑइल आत शिरतं पण खेळतं राहत नाही. बेअरिंग गेलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. खेळ खल्लास! दुसरं इंजिन बसवायचा खर्च बऱ्याचदा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

मी घाबरवणाऱ्यांपैकी नाही. या बेअरिंगवरून अमेरिकेत खटला झाला, २०१३ मध्ये समझोता झाला. त्यात जे आकडे समोर आले ते असे: आधीच्या दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये बिघाड एक टक्क्याहून कमी, नंतरच्या एका ओळीच्या बेअरिंगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत. म्हणजे बहुतेक इंजिनं धडधाकटच. म्हणून क्लच चांगला असताना केवळ भीतीपोटी गिअरबॉक्स उतरवा, असं मी म्हणणार नाही. पण खरा पैसा जातो तो उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीत, आणि ती मजुरी हा पठ्ठ्या क्लचसाठी देतोच आहे! मग नाही का म्हणायचं?

एक अट मात्र आहे. आधी ऑइल फिल्टर कापून बघायचा. त्यात धातूचा चुरा सापडला तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही, कारण चुरा इंजिनभर फिरलेला असतो.

आणि "फारशी पळालेली नाही" याचं कौतुक तर मला कळतच नाही. उभ्या गाडीच्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साठतं, रबर वाळतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर बघून नाही, कॅलेंडर बघून बदलायचं. दर आठवड्याला इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवायची. वॉटर पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा तुटून पडायच्या आत पंप बदलायचा. यात काही शौर्य नाही, फोटोही चांगले येत नाहीत. पण वीस वर्षांवरच्या गाड्या अशाच टिकतात.

आमचं ब्रह्मवाक्य सर्व्हरला ठीक आहे. तो पडला तर कालचा बॅकअप चढवता येतो. इंजिनाचा बॅकअप नसतो हो!

असो. मित्राने अजून काही ठरवलेलं नाही. क्लच मात्र सोमवारी बसतोय.