मन दुखणे म्हणजे कमजोरी नव्हे

'फौजी माणसाला मनाचे आजार होत नाहीत' हे गेल्या आठवड्यातील पत्र वाचून वाईट वाटले. माझे यजमान निवृत्त सुभेदार. दिवाळीत फटाका वाजला की त्यांच्या हातातला चहा हिंदकळतो. रात्री तीनतीनदा उठून दाराची कडी तपासतात. गुडघ्यासाठी माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जायला ते कधी लाजले नाहीत; मनासाठी जायला मात्र चार वर्षे घेतली. आता औषध आणि समुपदेशनाने झोप लागते. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालू असतो. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष आपल्याच पुण्यात, एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. घरात असा जवान असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि आजच हा क्रमांक लावा.

— एका माजी सैनिकाची पत्नी, खडकवासला