‘आज नको’ म्हणणारा माणूस

साराटोगाच्या शर्यती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. दुपारी, टोपी घालून, दोन-पाच डॉलरची पैज लावून. माझी विनंती आहे, पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन एकदा पहाटे जा.

तिथल्या ट्रेनरचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. पहिले काम म्हणजे घोड्यांच्या पायांवरून हात फिरवणे. कुठे गरम लागते का? सूज आहे का? रात्रीचा दाणा उरला का? मग ऊन चढण्याआधी सराव, अंगावर पाणी, अंग निवेपर्यंत चालवणे. खरारा करणारे, घोडे फिरवणारे बरेचसे हात लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांचे. घर सोडून येणे म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये याच मैदानावर मेपल लीफ मेल ही घोडी आघाडीवर असताना अंतिम रेषेजवळ कोसळली. तीनच आठवड्यांनी न्यूयॉर्क थंडरचेही तसेच झाले. दोघेही वाचले नाहीत. सगळे अपघात टाळता येत नाहीत. पण काहींची चाहूल पहाटे फिरणाऱ्या त्या हाताला आधी लागते.

म्हणून ऐनवेळी एखादा घोडा शर्यतीतून काढून घेतला, तर कुरकुर करू नका. मालकाचा पैसा, प्रेक्षकांची हौस आणि स्वतःची कमाई बाजूला ठेवून कोणीतरी ‘आज नको’ म्हटलेले असते. घोड्याला ते म्हणता येत नाही. मुलांना जिंकणारा घोडा जरूर दाखवा. पण हा नकारही समजावून सांगा.